गुलाबी प्रत

१

डेपोत त्यांना सगळे टिकमास्तर म्हणायचे. तोंडावर नाही, पण खिडकी उघडी असली तर त्यांना ऐकू जाईल इतक्याच अंतरावरून. त्यांचं काम असं, की गाडी फाटकाबाहेर पडण्याआधी तिचा तपासणी अहवाल भरायचा. सोळा चौकोन. पहिला चालकाच्या जागेचा, मग ब्रेक, मग आरसे, मग पुढचा दरवाजा. पाच ते चौदा हे आसनांच्या दहा रांगांचे आणि त्यांच्या पट्ट्यांचे. पंधरावा संकटकाळच्या दरवाजाचा आणि शेवटचा मागच्या दिव्यांचा. थोडक्यात, कागद हातात धरून गाडीच्या नाकापासून शेपटापर्यंत चालत जायचं. ठीक असेल तिथे टिक, नसेल तिथे फुली. एक जरी फुली पडली तरी गाडी जागची हलवायची नाही असा नियम होता, आणि एवढा एक नियम डेपोत सगळे पाळत.

पूर्वी टिकमास्तर खरंच चालत जायचे. मग गुडघा दुखायला लागला, मग एक उन्हाळा फार कडक गेला, मग सवय सुटली. आता चार वर्षं होत आली होती. आठ गाड्यांचे आठ अहवाल ते खुर्चीतून न उठता सहा मिनिटांत उरकायचे. दर गाडीचं वेगळं पॅड. वरची पांढरी प्रत ड्रायव्हरला द्यायची, खालची गुलाबी पॅडातच राहायची, मधे कार्बन. पांढरी प्रत खिडकीतून सरकवली, ड्रायव्हर गाडीत जाऊन बसला, की टिकमास्तर मान वर न करता पेनाच्या टोकाने काचेवर दोनदा टकटक करायचे. टकटक ऐकली की गाडी सुटायची.

सहा महिन्यांपूर्वी त्यांचा मुलगा डेपोत ड्रायव्हर म्हणून लागला. लागला म्हणजे टिकमास्तरांनी मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये तीनदा चकरा मारून लावला. त्याला अकरा नंबरची बस मिळाली. कारखान्याच्या दुसऱ्या पाळीचे चाळीस कामगार घेऊन ती भर दुपारी एकला निघायची. पहिल्या दिवशी पोरगा खिडकीशी येऊन उभा राहिला.

"बाबा, गाडी बघायला येताय ना?"

"गाडी काय नवरी आहे, बघायला जायला?"

"पण फॉर्मवर लिहिलंय, प्रत्यक्ष पाहून..."

"फॉर्म छापणाऱ्याला कधी फॉर्म भरावा लागत नाही. ये आत, बस. शिकून ठेव, उद्या तुलाही भरायची वेळ येईल. एक लक्षात ठेव, हात थांबवायचा नाही. हात थांबला की शंका येते, आणि शंका आली की मग गाडीपर्यंत जावं लागतं."

पोरगा हसला. टिकमास्तरही हसले. एका दमात सोळा टिका मारून त्यांनी कागद फाडला. पोराला आपल्या हाताखाली काही शिकवता येतंय याचं त्यांना त्या दिवशी फार बरं वाटलं होतं.

२

त्या शनिवारी अकरा नंबरचं पॅड संपलं. संपलेल्या पॅडातल्या गुलाबी प्रती दोऱ्याने बांधून कपाटात टाकायच्या, म्हणून टिकमास्तरांनी ते उघडलं. या प्रती कधी कुणी वाचत नसे. त्यांनीही वाचायला घेतल्या नव्हत्या, दोरा घालायला भोक शोधत होते.

सगळ्यात शेवटच्या, म्हणजे त्याच दिवशीच्या प्रतीवर पंधरा टिका होत्या. सातव्या चौकोनात फुली होती.

त्यांनी चष्मा पुसला. फुली तिथेच राहिली. तासाभरापूर्वी त्यांनी सोळाच्या सोळा टिका मारल्या होत्या. तो पांढरा कागद घेऊन पोरगा गाडीसह गेलाही होता. कार्बन जुना आहे, त्यांनी स्वतःला समजावलं. दुसऱ्या कुठल्या कागदाची खूण दाबाने उमटली असेल. एकच कार्बन महिनाभर वापरायचा म्हटल्यावर असले चाळे होणारच.

मग त्यांनी आदल्या दिवसाची प्रत काढली. तिच्यात आठव्या चौकोनात फुली होती. त्याच्या आदल्या दिवशी नवव्यात. बोटाला थुंकी लावत ते मागे मागे गेले. दहा, अकरा, बारा. नऊ कामाच्या दिवसांमागे पहिली फुली सापडली ती सोळाव्या चौकोनात, मागच्या दिव्यांपुढे. दुसऱ्या दिवसाची पंधराव्यात, संकटकाळच्या दरवाजापुढे. त्याआधीचे सगळे कागद स्वच्छ होते.

फुली त्यांच्याच हातची होती. लहानपणापासून त्यांची फुली खालून वर जायची आणि टोकाला आकडा काढायची. शाळेत त्यापायी छड्या खाल्ल्या होत्या. चार वर्षांत एकही फुली मारली नसली तरी माणूस आपला हात ओळखतो.

रोज एक घर पुढे. मागच्या दिव्यांपाशी काहीतरी आलं, दुसऱ्या दिवशी मागच्या दरवाजाने आत आलं, आणि तेव्हापासून रोज एक रांग पुढे सरकतंय. हा विचार मनात आल्याबरोबर ते स्वतःवरच चिडले. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! न बघता सह्या ठोकणाऱ्याला कागदच खायला उठणार. त्यांनी गठ्ठा बांधला, कपाटात टाकला आणि कपाटाला कुलूप लावलं. त्या कपाटाला याआधी कधी कुलूप नव्हतं.

३

सोमवारी नवं पॅड, नवा कार्बन. टिकमास्तरांनी कार्बन उजेडात धरून पाहिला, त्यावर ओरखडासुद्धा नव्हता. सावकाश सोळा टिका मारल्या. पांढरी प्रत फाडण्याआधीच खालची उचलून पाहिली.

सहाव्या चौकोनात फुली होती.

ते उठले. पोरगा नळावर तोंड धूत होता. "अरे, डबा खाऊन घे आधी," असं त्याला काहीतरी बोलून ते यार्ड ओलांडून अकरा नंबरकडे गेले. चार वर्षांनी. ऊन डोक्यावर होतं, सगळे जेवायला गेले होते, पत्र्याच्या शेडमधून एक पंखा तेवढा कुरकुरत होता. बसच्या आत तापलेल्या रेक्झिनचा वास येत होता. सहावा चौकोन म्हणजे दुसरी रांग.

दुसऱ्या रांगेत, वाटेकडच्या रिकाम्या आसनाचा पट्टा लावलेला होता.

एवढंच. आता या गाडीतले कामगार पट्टा लावत नाहीत, हे सगळ्या डेपोला ठाऊक होतं. पट्टे आसनांच्या फटीत जाऊन बसले होते, त्यांच्यावर खरकटं वाळलं होतं. हा एकच पट्टा बाहेर काढून लावलेला होता. आणि तो आसनावर पडलेला नव्हता. ताठ होता. पाठीपासून वीतभर पुढे, ताणलेला, मधे जागा सोडून. टिकमास्तरांनी दोन बोटांनी बटण दाबलं. सुटलेला पट्टा सटकन मागे जायला हवा होता. तो सावकाश गेला, कशावरून तरी घसरत, वळसा घेत.

गुडघा विसरून ते खाली उतरले.

शेडमध्ये म्हातारा मेकॅनिक डब्याचं झाकण पुसत होता. टिकमास्तरांनी ताकाला जाऊन भांडं लपवलं. "काय हो, पट्ट्यांच्या स्प्रिंगा जुन्या झाल्या की अडकतात का?"

"अडकतात की. का?"

"आणि आपोआप लागतात का?"

मेकॅनिकने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "टिकमास्तर, तुम्ही गाडीत गेला होतात?"

तोंडावर ते नाव पहिल्यांदाच आलं होतं. टिकमास्तरांना रागवायचंही सुचलं नाही.

४

मंगळवारी त्यांनी सगळं रीतसर केलं. हातात पॅड घेऊन, एकेक चौकोन, एकेक वस्तू, हात लावून. पहिल्या रांगेतला पट्टा लागलेला होता. सोडवला, वाट पाहिली, पुन्हा लागला नाही. सगळं ठीक होतं म्हणून टिका मारल्या, आणि त्या चार वर्षांतल्या पहिल्या खऱ्या टिका होत्या. गुलाबी प्रतीवर पाचव्या चौकोनात फुली आली. खरं लिहिलं काय नि खोटं लिहिलं काय, खालच्या कागदाला फरक पडत नव्हता. बुधवारी चौथ्या चौकोनात, पुढच्या दरवाजापुढे.

त्या संध्याकाळी त्यांनी घरी विषय काढला. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती, पोरगा जमिनीवर पाय पसरून बसला होता.

"गाडी कशी चालतेय रे?"

"मस्त. माणसंच येडी आहेत."

"म्हणजे?"

"अहो, जागा मोकळी असली तरी उभी राहतात. गेल्या आठवड्यात सगळी पुढं कोंडाळं करून उभी. म्हटलं, मागं बसा की, ती अख्खी रांग रिकामी आहे. तर एक जण म्हणतो, तिथं बसलंय ना कुणीतरी. मी आरशात बघितलं, कुणी नाही. चाळीस माणसं मिळून माझी फिरकी घेतायत, नवा म्हणून." तो हसला. "आता मागे जाऊन दाटीवाटीनं बसलेत सगळे. पुढच्या तीन रांगा ओस. एकही पुढं यायला तयार नाही."

टिकमास्तरांनी मग सांगून टाकलं. फुल्या, पट्टा, सगळं. त्यासोबत हेही सांगावं लागलं की चार वर्षं आपण गाडीत पाय ठेवला नव्हता. पोराला ते माहीत होतं, बायकोला नव्हतं. तिच्या हातातली घडी तशीच राहिली.

"तू उद्यापासून रजा टाक," ते म्हणाले.

"काय कारण सांगू? कार्बन खराब आहे?" पोराला आता हसू येत नव्हतं. "बाबा, सहा महिने झालेत मला लागून. कायम व्हायचंय. तुमचा रक्तदाब तपासून घ्या एकदा."

"अरे, पण ऐक..."

"तुम्हीच म्हणालात ना, हात थांबला की शंका येते?"

गुरुवारी तिसऱ्या चौकोनात फुली पडली आणि परतल्यावर पोरगा आपणहून म्हणाला, "आतला आरसा सैल झालाय. मी माझ्यापुरता लावतो, तो पुन्हा फिरतो. माझ्यापेक्षा उंच माणसानं लावल्यासारखा." मग बापाचा चेहरा पाहून घाईने म्हणाला, "स्क्रू असेल."

५

शुक्रवारी दुसऱ्या चौकोनात फुली होती. उरला होता फक्त पहिला. चालकाची जागा.

टिकमास्तर दोन्ही पॅडं काखेत मारून मॅनेजरसाहेबांकडे गेले. नोकरी गेली तर जाऊ दे, असं ठरवूनच गेले. साहेबांनी गुलाबी प्रती उलटसुलट केल्या.

"हा हात कुणाचा?"

"माझाच. पण मी मारल्या नाहीत."

"वर टिका, खाली फुल्या. तुमच्याच हातच्या. आणि गाडी रोज गेलीय." साहेबांनी पॅडं मिटून परत सरकवली. "हे मी बघितलंच नाही असं समजतो. तुमची दोन वर्षं राहिलीत, मला तुमच्या पोटावर पाय द्यायचा नाही. गाडी मेकॅनिककडून तपासून घेतो. झालं समाधान?"

मेकॅनिकने गाडी तासभर तपासली, यार्डात चार फेऱ्या मारल्या, ब्रेक त्यावर उभा राहिल्यासारखा दाबून पाहिला. गाडी ठणठणीत होती. पेडल जरा जड लागतंय, आधीच कुणाचा पाय असल्यासारखं, एवढं तो म्हणाला. पण ब्रेकचे लायनर नवे असले की तसं लागतंच.

टिकमास्तरांना रात्रभर डोळा लागला नाही. दुपारच्या एकचाच विचार होता. आपलं एकुलतं एक पोर त्या जागेवर बसणार, आणि त्या जागेवर उद्या दुसरं कुणीतरी असणार. एवढं त्यांना कळत होतं. त्यापुढचा विचार त्यांनी मनाला करू दिला नाही.

६

शनिवारी साडेबाराला त्यांनी पॅड समोर ओढलं आणि पहिल्या चौकोनात, वरच्या पांढऱ्या कागदावर, स्वतःच्या हाताने फुली मारली. शेऱ्यात लिहिलं, 'चालक प्रकृतीने अयोग्य'. पांढरी प्रत खिडकीतून बाहेर सरकवली. खालची प्रत त्यांनी उचलून पाहिली नाही.

पोराने कागद वाचला आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "बाबा, हे काय केलंत? कायमच्या यादीतून नाव जाईल माझं!"

"जाऊ दे."

"आई म्हणत होती ते खरं आहे. डोकं फिरलंय तुमचं."

"फिरू दे. तू आज त्या जागेवर बसणार नाहीस."

आरडाओरडा ऐकून मॅनेजरसाहेब बाहेर आले. त्यांनी कागद पाहिला, बापलेकांकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. "चाळीस माणसं थांब्यावर उन्हात उभी आहेत. दुसरा ड्रायव्हर नाही. टिकमास्तर, लायसन्स आहे ना तुमचं अजून?"

"आहे."

"मग तुम्ही न्या. पण चालवणाऱ्याला स्वतःचा अहवाल भरता येत नाही." त्यांनी पांढरा कागद फाडून टोपलीत टाकला आणि पोराकडे वळले. "नवा तू भर. तुझ्या बापानं शिकवलंय ना?"

टिकमास्तरांना हायसं वाटलं. खरंच वाटलं. आपण तर आपण, पोर सुटलं. पण पायऱ्या उतरता उतरता त्यांना दुसरं सुचलं आणि ते माघारी आले. पोरगा त्यांच्याच खुर्चीत, त्यांचंच पेन घेऊन, फुगून बसला होता.

"बाळा, माझं एक ऐक. रागाव माझ्यावर, पण मी जाऊन बसलो की गाडीपाशी ये. नुसतं दारातून आत बघ. चालकाच्या जागेकडे बघ. तुला ठीक वाटलं तर टिक मार. नाही वाटलं तर फुली मार. फुली पडली की गाडी हलत नाही, आणि आता बदलायला दुसरा ड्रायव्हरही नाही. मी सुटेन. कळलं?"

"हो."

"येशील ना?"

"हो म्हटलं ना, बाबा. जा."

७

बस रिकामी होती. टिकमास्तर मागच्या दरवाजापासून पुढे आले, दहाही रांगा हाताने चाचपत. एकही पट्टा लागलेला नव्हता. सगळे आपापल्या फटीत होते, मळके आणि मुकाट. मागून पुढपर्यंत कुणी नव्हतं.

ते चालकाच्या जागेवर बसले. ती खचलेली होती, आणि उबदार. ऊन आहे, त्यांनी स्वतःला सांगितलं. आतल्या आरशात त्यांना स्वतःचा चेहरा दिसला नाही, फक्त छताची पत्र्याची पट्टी दिसली. तो नीट करायला त्यांनी हात वर केला, तो अर्ध्यातच अडला. पट्टा लागलेला होता.

त्यांनी लावला नव्हता. खटका वाजलेलाही त्यांनी ऐकला नव्हता. पट्टा खांद्यावरून खाली आला होता, पण त्यांच्या छातीला लागत नव्हता. वीतभर पुढे होता. ताठ. पट्टा आणि त्यांची छाती यांच्यामध्ये वीतभर जागा होती, आणि त्या जागेतलं वजन हळूहळू त्यांच्या मांड्यांवर उतरत होतं, थकलेला माणूस बसतो तसं, अंग सोडून देत. ब्रेकवर ठेवलेला त्यांचा पाय गार पडला, कारण त्या पायावर दुसरा पाय आला होता.

ओरडायला त्यांनी तोंड उघडलं. श्वास आत आला तो त्यांचा नव्हता.

पाचावर धारण बसली तरी डोळे शाबूत होते. समोरच्या काचेतून ऑफिसची खिडकी दिसत होती, पंधरा पावलांवर, भर उन्हात लख्ख. पोरगा अजून खुर्चीत होता. येईल, टिकमास्तर मनात म्हणाले. हो म्हणालाय. आता उठेल. यायलाही नको, नुसती मान वर केली तरी पुरे. या काचेतून आत पाहिलं तरी दिसेल, की चालकाच्या जागेवर एक माणूस नाही.

पोराने पॅड पुढे ओढलं. पेन उचललं. टिकमास्तरांनी इतक्या वर्षांत हे बाहेरून कधी पाहिलं नव्हतं. खांदा जरासा झुकलेला, मान खाली, हात चौकोनांवरून सरसर उतरत चाललेला. ते मोजत गेले. एक, दोन, तीन. थांब, बाळा. सात, आठ. एकदा थांब. बारा, तेरा. शिकवलं तसाच, हात कुठेही थांबला नाही.

सोळा झाल्या. पोराने सही केली, पांढरा कागद फाडला. मांड्यांवरचं वजन सरसावून बसलं.

मग पोराने मान वर न करता पेनाच्या टोकाने काचेवर दोनदा टकटक केलं, आणि टिकमास्तरांचा पाय ब्रेकवरून उचलला गेला.